कॉसमॉसचा ताटवा आणि त्याच्या बियांची राखण

ग्रामपंचायतीच्या कचेरीसमोरील मोकळी जागा, प्राथमिक शाळेचे आवार, विहिरीचा काठ किंवा घराचे अंगण फुलांनी शोभिवंत करावे असे पुष्कळांच्या मनात येते व त्याप्रमाणे आरंभही होतो. बहुधा शहरातील रोपवाटिकेतून गुलाबाची अथवा क्रोटनची दहापाच रोपे आणली जातात. त्यांना दोन महिने नियमाने पाणी मिळते. पुढे उन्हाळ्यात विहिरीचे पाणी तळाला गेले की ती वाळतात आणि तिरप्या विटांची रांग तेवढी मागे उरते. अशा जागी, ज्याचे रोप विकत आणावे लागत नाही, ज्याला खत जवळजवळ लागत नाही आणि पेरल्यापासून दोन-अडीच महिन्यांत जे फुलते, असे हंगामी फुलझाड निवडणे शहाणपणाचे ठरते. कॉसमॉस हे अशा झाडांपैकी एक होय.

मात्र हलक्या जमिनीत, फारशा देखभालीवाचून उगवून येणे हा या झाडाचा जो गुण, तोच कुंपणापलीकडे गेला म्हणजे उपद्रव ठरतो. सह्याद्रीच्या घाटरस्त्यांच्या कडेने आणि पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पावसाळा सरताना जे केशरी-पिवळे फुलोरे दिसतात, त्यांत या झाडाचा वाटा मोठा आहे. ते कोणी मुद्दाम राखलेले नाहीत. म्हणून कॉसमॉस कसा लावावा, याबरोबरच त्याचे बी कसे आवरावे, हेही गावपातळीवर काम करणाऱ्यांनी जाणून घेणे अवश्य आहे.

कॉसमॉस मूळचा मेक्सिकोचा. तेथून त्याचे बी स्पेनमध्ये माद्रिद येथील राजोद्यानात गेले आणि तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ आन्तोनियो होसे काव्हानियेस यांनी १७९१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करून त्यास हे नाव दिले. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुव्यवस्था तसाच अलंकार असाही होतो. डेलियाचे वर्णनही त्याच वर्षी त्याच ग्रंथात आले. आपल्याकडे दसऱ्याच्या तोरणात मानाने बसलेला झेंडूदेखील त्याच मुलखातून आलेला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे परदेशी झाड म्हणून कॉसमॉसला दूर ठेवण्याचे कारण उरत नाही. सूर्यफूल, शेवंती, झेंडू यांच्या कुळातीलच हे झाड आहे. आपण ज्यास एक फूल म्हणतो ते खरे पाहता अनेक लहान फुलांचे स्तबक असते. मधली पिवळी चकती ही बारीक नळीसारख्या फुलांची बनलेली असते व तिच्याभोवती रुंद पाकळीसारखी बहुधा आठ किरणपुष्पके असतात.

दोन जाती, दोन हंगाम

बागेत लावावयाच्या वर्षायु कॉसमॉसच्या मुख्यत्वे दोन जाती आहेत. त्यांतील भेद प्रथम नीट समजून घेतला पाहिजे, कारण हंगाम, जागा आणि धोका या तिन्ही बाबतींत त्या वेगळ्या आहेत.

पहिली कॉसमॉस बायपिनेटस. हिची पाने शेपूच्या पानांसारखी बारीक दोऱ्यादोऱ्यांची असतात व फुले पांढरी, फिकट गुलाबी, गडद गुलाबी अथवा किरमिजी असतात. झाड तीन ते पाच फूट वाढते. ‘सेन्सेशन’ हा या जातीतील जुना व भरवशाचा प्रकार असून त्यास १९३६ मध्ये ऑल अमेरिका सिलेक्शन्स या संस्थेचे पारितोषिक मिळाले होते. ‘सोनाटा’ हा ठेंगणा प्रकार दीड-दोन फुटांवर थांबतो व ताटव्याच्या पुढच्या रांगेस शोभतो. ‘सी शेल्स’ या प्रकारातील किरणपुष्पके शिंपल्यासारखी गुंडाळलेली असतात. मौज म्हणून चार झाडे लावावयास हरकत नाही, परंतु दुरून पाहावयाच्या ताटव्यात त्यांचा हा विशेष उठून दिसत नाही.

दुसरी कॉसमॉस सल्फ्यूरियस, म्हणजेच पिवळा कॉसमॉस. हिची पाने रुंद व कातरलेली असून प्रथमदर्शनी झेंडूच्या पानांची आठवण करून देतात. फुले पिवळी, केशरी किंवा शेंदरी असतात. ‘सनसेट’ या शेंदरी प्रकारास १९६६ मध्ये वरील संस्थेचेच पारितोषिक मिळाले. ही जात उष्णता चांगली सोसते. पाण्याची ओढही हिला पहिलीपेक्षा कमी जाणवते. फुलांच्या पाकळ्यांपासून पिवळा-केशरी रंग निघतो व त्याने सूत रंगविता येते. हाताने सूत रंगविण्याचा उपक्रम ज्या शाळांत चालतो, त्यांनी हे करून पाहण्यासारखे आहे.

पिवळ्या जातीचे बी पावसाच्या आरंभी, जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पेरता येते. ऑगस्टच्या अखेरीपासून दसऱ्यापर्यंत ती फुलते. कोकणात मात्र जून-जुलैच्या धारांत कोवळी रोपे आडवी होतात. तेथे पावसाचा जोर ओसरू लागल्यावर, ऑगस्टच्या उत्तरार्धात पेरणी करणे सोयीचे. पाण्याची व्यवस्था असल्यास फेब्रुवारीत पेरून एप्रिल-मेमध्येही फुले घेता येतात. पांढऱ्या-गुलाबी जातीचा खरा काळ हिवाळा हाच होय. तिची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत करावी.

पेरणीची तारीख आणि झाडाची उंची

पांढऱ्या-गुलाबी कॉसमॉसविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते. कोणी जूनमध्ये बी पेरतो. झाडे पुरुषभर वाढतात, पावसात लोळतात आणि फूल मात्र दृष्टीस पडत नाही. कोणी डिसेंबरात पेरतो. झाड वीतभर असतानाच त्यास कळी येते, चार फुले लागतात आणि उन्हे तापताच खेळ आटोपतो. दोघेही बियास बोल लावतात. वास्तविक दोष बियाचा नसून दिवसमानाचा आहे.

हे झाड लहान दिवसाचे आहे. दिवस मोठा व रात्र लहान असेपर्यंत ते पाने व फांद्या वाढवीत राहते. दिवस आखडू लागला म्हणजे कळी धरण्याकडे वळते. पुण्याच्या अक्षांशावर जूनअखेरचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरअखेरचा सुमारे अकरा तासांचा असतो. हा फरक माणसाला फारसा जाणवत नाही, पण झाडाला पुरेसा होतो. शेतकऱ्यास ही गोष्ट नवी वाटू नये. पारंपरिक तूर मृगात पेरली तर डोक्याइतकी होते आणि तीच सप्टेंबरात पेरली तर कमरेइतकीच राहते, तरी दोन्हीवेळा ती फुलावर येतेच. कारण हेच. पेरणी व लहान दिवसांचा आरंभ यांत जेवढे अंतर, तेवढी झाडाची उंची.

याचा ताटव्यासाठी चांगला उपयोग करून घेता येतो. उंच प्रकाराच्या एकाच पाकिटातील बियांचे तीन भाग करावेत. पहिला भाग सप्टेंबरच्या मध्यास मागच्या रांगेत, दुसरा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मधल्या रांगेत आणि तिसरा ऑक्टोबरच्या अखेरीस पुढच्या रांगेत पेरावा. मागची झाडे उंच, मधली मध्यम व पुढची ठेंगणी अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना आपोआप होते, आणि फुलांचा काळही लांबतो. ‘सोनाटा’सारखे नवे ठेंगणे प्रकार दिवसमानाविषयी इतके हळवे नसतात, तेव्हा त्यांच्या बाबतीत ही युक्ती चालणार नाही. त्यांची उंची मुळातच ठरलेली असते.

रस्त्यावरील विजेच्या दिव्याखाली लावलेली झाडे उशिरा फुलतात, असे कोठे दिसल्यास आश्चर्य मानू नये. त्या झाडांना रात्र पुरेशी काळोखी मिळत नाही, इतकेच.

जमीन : चांगली नको

फुलझाड म्हटले की खड्डा खणून शेणखत भरावयाचे, अशी सर्वांचीच समजूत असते. कॉसमॉसच्या बाबतीत ती सोडून द्यावी लागते. हलकी, मुरमाड, निचऱ्याची जमीन हीच त्यास मानवते. जुन्या उकिरड्याच्या जागी, गोठ्यामागे किंवा न्हाणीचे पाणी जेथे मुरते तेथे हे झाड लावले तर ते हिरवेगार माजते, खोड मऊ व पोकळ राहते, फुले उशिरा व थोडी येतात आणि पहिल्या जोराच्या वाऱ्यात सबंध झाड मुळापासून कलते. नत्र जितके अधिक तितका पाला अधिक. म्हणून युरिया तर मुळीच देऊ नये. जमीन अगदीच निकस असेल तर पूर्ण कुजलेले कंपोस्ट दर चौरस मीटरला अर्धे घमेले या प्रमाणात, तेही पेरणीपूर्वी एकदाच मातीत मिसळावे. त्यापुढे काही देण्याची गरज नाही.

भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजण्याचा संभव असतो. तेथे वीतभर उंचीचा गादीवाफा करून त्यात मुरूम अथवा जाड वाळू मिसळावी. ज्या शाळांच्या आवारात बांधकामाचा मुरूम पसरलेला आहे व इतर काही लागत नाही म्हणून जागा उघडी पडली आहे, तेथे कॉसमॉस विशेष चांगला येतो. जागा निवडताना पाहावयाची गोष्ट एकच : दिवसातून निदान सहा तास ऊन मिळाले पाहिजे. कडुनिंबाच्या किंवा चिंचेच्या दाट सावलीत झाडे उन्हाच्या दिशेने वाकडी वाढतात.

पेरणी व विरळणी

बी लांबट, काळपट तपकिरी व किंचित वाकलेले असते. चिमटीत सहज धरता येईल एवढे ते मोठे असल्यामुळे शाळेतील मुलांकडून पेरून घेण्यास उत्तम. एका ग्रॅममध्ये साधारण दीडशे बिया बसतात. दहा मीटर लांब व एक मीटर रुंद अशा ताटव्यात एक-एक फुटावर सुमारे शंभर-सव्वाशे झाडे बसतात. तेव्हा रोपे करून लावावयाची असल्यास दोन ग्रॅम बी पुरेसे होते आणि जागेवरच पेरावयाचे असल्यास पाच ग्रॅम घ्यावे. याहून अधिक बी विकत घेणे म्हणजे पैसे उधळणे होय.

कॉसमॉसची पेरणी जागेवरच करणे अधिक चांगले. वाफ्याची माती भुसभुशीत करून, खडे-ढेकळे काढून, बोटाने किंवा काटकीने उथळ रेघा पाडाव्यात. बी चार-चार बोटांच्या अंतराने टाकून वर अर्धा सेंटिमीटर माती लोटावी व बारीक छिद्रांच्या झारीने पाणी द्यावे. खोल पुरलेले बी उगवण्यास उशीर लागतो. हवेत ऊब असल्यास पाच ते दहा दिवसांत उगवण होते. रेघेतच पेरण्याचा आग्रह अशासाठी की, फोकून पेरलेल्या वाफ्यात कॉसमॉस कोणता व तण कोणते हे पहिले दोन आठवडे नवख्यास ओळखू येत नाही आणि खुरपणीत अर्धी रोपे जातात.

रोपांना चार खरी पाने आल्यावर विरळणी करावयाची असते. येथेच बहुतेकांचा हात आखडतो. उगवलेले रोप उपटणे जिवावर येते आणि वाफ्यात वितीत चार-चार झाडे तशीच राहू दिली जातात. परिणामी सर्वच झाडे काडीसारखी सरळ वर जातात, फांद्या फुटत नाहीत व प्रत्येकास शेंड्याला दोन फुले लागतात. उंच प्रकारात दोन झाडांमध्ये एक फूट आणि ठेंगण्या प्रकारात आठ ते दहा इंच अंतर राहिलेच पाहिजे. उपटलेली निरोगी रोपे वाया घालविण्याचे कारण नाही. सायंकाळी, मुळांशी माती ठेवून ती दुसऱ्या जागी लावली व दोन दिवस पाणी दिले तर बहुतेक जगतात.

झाडे गुडघ्याच्या खाली, म्हणजे सुमारे वीतभर उंच असताना प्रत्येकाचा शेंडा नखाने खुडावा. त्यामुळे फूल आठवडाभर मागे पडते खरे, पण बगलेतून फुटवे निघून झाड भरदार होते. उंच प्रकारांना आधार लागतो. त्यासाठी झाडे गुडघाभर झाल्यावर त्यांच्यामध्ये फाटे असलेल्या वाळक्या तुराट्या रोवाव्यात. आठवडा-दोन आठवड्यांत झाडे त्यांतून वर येतात व तुराट्या झाकल्या जातात. या कामी कपाशीच्या पऱ्हाट्या वापरण्याचा मोह होतो, परंतु त्या आवारात साठवून ठेवू नयेत. त्यांवरील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी आश्रय घेते.

पाणी रोपे रुजेपर्यंत दिवसाआड आणि पुढे हिवाळ्यात आठ दिवसांनी एकदा पुरते. पानांनी मान टाकलेली दिसेपर्यंत थांबले तरी झाड दगावत नाही.

फुले, भाजीचा मळा आणि थोडे कीड-रोग

पेरणीपासून पिवळी जात सात-आठ आठवड्यांत व गुलाबी-पांढरी जात आठ ते दहा आठवड्यांत फुलावर येते. दर तीन-चार दिवसांनी सुकलेली फुले देठासह कापली तर दीड-दोन महिने बहर टिकतो. एकदा बी धरू दिले की झाडाचे फुलाकडील लक्ष उडते.

या फुलांची विक्री होऊन चार पैसे मिळतील, अशी आशा मात्र कोणी बाळगू नये. फुलदाणीत ती चार-पाच दिवस शोभतात, पण हारात ओवल्यास पाकळ्या लवकर गळतात. झेंडूची किंवा शेवंतीची जागा त्यांना घेता येणार नाही. शेतकऱ्याला त्यांचा उपयोग आहे तो निराळाच. कॉसमॉसचे फूल पसरट व उघडे असल्याने लहान तोंडाच्या कीटकांनाही त्यातील मध व पराग सहज मिळतात. मधमाश्यांखेरीज सिरफिड माश्या, क्रायसोपा व ढालकिडे त्यावर येतात. सिरफिड माशीचे प्रौढ मधावर जगतात, परंतु तिच्या अळ्या मावा खातात. म्हणून कोबी, फुलकोबी वा टोमॅटोच्या रब्बी मळ्यात बांधालगत पांढऱ्या-गुलाबी कॉसमॉसची एक ओळ असणे हिताचे. त्याने माव्याचा बंदोबस्त पुरा होईल असे नव्हे. पिकाची पाहणी चालूच ठेवावयाची आणि फवारणी करावीच लागली तर ती सकाळी, फुलांवर माश्यांची वर्दळ असताना करावयाची नाही.

खुद्द कॉसमॉसवर कोवळ्या शेंड्यांना मावा पडतो. तो पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढावा. हिवाळ्याच्या अखेरीस पानांवर पांढरी भुरी दिसते, पण तोवर बहर संपत आलेला असतो व औषधाचा खर्च करण्यात अर्थ नसतो. एक विकार मात्र ओळखून ठेवावा. कधी कधी एखाद्या झाडाची फुले हिरवी होतात व पाकळ्यांऐवजी पानांचे झुबके येतात. हा तुडतुड्यांमार्फत पसरणारा रोग असून त्यावर इलाज नाही. असे झाड दिसताच उपटून नष्ट करावे. त्याचे बी घेण्याचा प्रश्नच नाही.

बी धरणे

पहिल्या वर्षी बी विकत घेतले की पुढे ते घरचेच करता येते. त्यासाठी सर्व झाडे राखू नयेत. उत्तम रंगाची, मजबूत खोडाची चार-सहा झाडे निवडून त्यांच्या देठांना दोरा बांधावा आणि बहराच्या उत्तरार्धातील फुले त्यांच्यावरच बियांसाठी सोडावीत. इतर सर्व झाडांची सुकती फुले कापणे चालू ठेवावे.

कॉसमॉसमध्ये कीटकांमार्फत परपरागण होते. पांढऱ्या व किरमिजी झाडांची रांग शेजारी शेजारी असेल तर पुढच्या वर्षी निर्भेळ पांढरा ताटवा मिळणार नाही. ज्यांना एकच रंग हवा असेल त्यांनी इतर रंगाची झाडे पहिले फूल उमलताच काढून टाकावीत, किंवा मिश्र रंगावर समाधान मानावे. गावच्या आवारासाठी मिश्र रंग वाईट दिसत नाहीत.

पाकळ्या गळाल्यावर स्तबकातील फळे हिरवी, मग पिवळसर व शेवटी तपकिरी होतात आणि टोके बाहेर पसरून चांदणीसारखा आकार येतो. निम्मी फळे तपकिरी झाली की पूर्ण चांदणी होण्याची वाट न पाहता देठ कापून कागदी पिशवीत उलटे घालावेत. पिवळ्या जातीत तर दोन दिवसांचा उशीरही महाग पडतो. वाऱ्याचा झोत आला की सर्व बी जमिनीवर. पिशवी सावलीत आठवडाभर टांगून बी झटकावे, पाखडावे, कोरड्या बाटलीत घालून त्यावर जात, रंग व वर्ष लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. कोरडे ठेवलेले बी दोन-तीन वर्षे चांगले उगवते. शंका असल्यास पेरणीपूर्वी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठवड्याने मोजाव्यात. बारा-चौदा उगवल्या तर बी वापरण्यायोग्य समजावे.

कुंपणापलीकडे

पिवळ्या कॉसमॉसचे फळ चोचीसारखे लांब व खरखरीत असते आणि त्याच्या टोकावर कित्येकदा दोन-तीन कुसळे असतात. या कुसळांना उलटे बारीक काटे असल्यामुळे ते धोतराच्या काठाला, जनावराच्या अंगाला, गवताच्या भाऱ्याला अडकते. पावसाच्या ओघळाबरोबर ते उताराने जाते. रस्त्याच्या कामासाठी उचललेल्या मुरमाबरोबर ते दुसऱ्या गावी पोहोचते. दुरून बी कसे येते याचे एक उदाहरण दक्षिण आफ्रिकेत आहे. तेथील पठारावर मैलोगणती रस्त्यांच्या कडेने गुलाबी-पांढरा कॉसमॉस फुलतो. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात इंग्रजी फौजेच्या घोड्यांसाठी आर्जेंटिनातून जो चारा आणला गेला, त्यातून हे बी तेथे पोहोचले असे मानले जाते. कोणी पेरावयास गेले नव्हते.

महाराष्ट्रात पसरला आहे तो पिवळा. पावसाळ्यात टेकडीच्या उतारावर जेथे पवना, मारवेल यांसारखे चाऱ्याचे गवत यावयाचे, तेरडा आणि सोनकी फुलावयाची, तेथे कॉसमॉसची दाट झाडे उभी राहतात व खाली ऊन पोहोचू देत नाहीत. फोटो काढावयास येणाऱ्यांना हे दृश्य आवडते, आणि पिवळे दिसले की ती सोनकी, असा समजही होतो. सोनकीचे फूल लहान व आखूड पाकळीचे असते. कॉसमॉसचे रुपयाच्या नाण्याहून मोठे, आणि त्याच्या पाकळीचे टोक दातेरी असते. ज्या गावची जनावरे गायरानावर व डोंगरावर चरतात, त्या गावाने या पिवळ्या रंगाकडे चाऱ्याच्या हिशेबाने पाहिले पाहिजे.

यात अतिशयोक्ती वाटत असेल तर घाणेरीचा इतिहास आठवावा. तीही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणूनच भारतात आणली गेली होती. आज ती नाही असे रान शोधावे लागते. जलपर्णीही फुलांसाठीच आली. गाजरगवत फुलासाठी आले नाही, पण कॉसमॉसच्याच कुळातील हे तण १९५६ च्या सुमारास पुण्यात नोंदले गेले आणि पुढील काही दशकांत देशभर पसरले, ते शेतकऱ्यास सांगण्याची गरज नाही. कॉसमॉस गाजरगवताइतका त्रासदायक नाही. त्याने अंगास खाज येत नाही, आणि ओल्या मातीतून तो हाताने सहज उपटता येतो. तेव्हा उपाय अजून हाताबाहेर गेलेला नाही.

म्हणून काही बंधने पाळावीत. डोंगराच्या पायथ्याची, ओढ्याकाठची, देवराईजवळची आणि कासच्या पठारासारख्या, २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या प्रदेशालगतची गावे यांनी पिवळी जात लावूच नये. हिवाळ्यातील पांढऱ्या-गुलाबी जातीवर काम भागवावे आणि तिचेही बी सांडू देऊ नये. इतरत्र पिवळी लावावयाची तर चारी बाजूंनी पायवाट किंवा फरशी असलेल्या ताटव्यातच लावावी, रस्त्याच्या कडेस किंवा बांधावर नव्हे. वृक्षारोपणाच्या सप्ताहात मुलांकडून मातीचे बीजगोळे करून ते टेकड्यांवर फेकण्याचा उपक्रम पुष्कळ ठिकाणी होतो. त्या गोळ्यांत ‘फुलेही असावीत’ म्हणून कॉसमॉसचे बी घातले जाते. हे कटाक्षाने थांबविले पाहिजे. करंज, बहावा, आपटा यांचे बी घालावे. त्यांची फुले कमी सुंदर नाहीत.

जेथे पिवळा कॉसमॉस आधीच पसरला आहे, तेथे जुलै-ऑगस्टमध्ये, माती ओली असताना व कळी येण्यापूर्वी झाडे मुळांसह उपटावीत. फुलण्यापूर्वी उपटलेली झाडे कंपोस्टच्या खड्ड्यात टाकण्यास हरकत नाही. फळे धरल्यानंतर मात्र ती खड्ड्यात टाकू नयेत, कारण गावातील कंपोस्ट सर्वत्र सारखे तापत नाही व बी जिवंत राहून खताबरोबर थेट शेतात येते. अशी झाडे जागेवरच गोणपाटात भरून, वाळवून, मोकळ्या जागी जाळावीत. जमिनीत पडलेले बी पुढील पावसाळ्यांतही उगवत राहते, म्हणून हे काम एका वर्षात आटोपत नाही. ओळीने दोन-तीन पावसाळे तीच जागा पुन्हा फिरून पाहावी लागते, आणि उतारावर नेहमी वरून खाली काम करीत यावे.

ताटव्यातील बहर संपल्यावर झाडे उभी वाळू देणे हा सर्वांत सामान्य निष्काळजीपणा आहे. शेवटची फुले सुकू लागताच बियांसाठी दोरा बांधलेली झाडे तेवढी ठेवून बाकी ताटवा उपटावा. राखलेल्या झाडांचे बी गोळा होताच तीही काढावीत, जमीन झाडून घ्यावी आणि केरातील बी वेगळे जाळावे. पुढच्या पावसाच्या पहिल्या सरीनंतर त्या जागी आपोआप काही रोपे उगवतील. त्यांतील सशक्त रोपे ओळीत आणून लावावीत. पायवाटेच्या पलीकडे उगवलेले प्रत्येक रोप, ते कितीही टवटवीत दिसले तरी, त्याच दिवशी उपटावे.